स्नायुपेशीतील कॅल्शियमची वाट धातूंचे आयन नेमकी कशी अडवतात?

उलटा_ड्रम (धागाकर्ता):

मी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेतो. सकाळी चिकनच्या दुकानातून कोंबडीचे ताजे आतडे थंड टायरोड द्रावणात (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) बुडवून आणायचे, आतून धुऊन त्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा दोऱ्याने ऑर्गन बाथमध्ये टांगायचा आणि अॅसिटिलकोलीन (मज्जातंतूकडून स्नायूला संदेश देणारे रसायन) दिल्यावर होणारे आकुंचन आलेखावर टिपायचे, हा आमचा नेहमीचा प्रकार आहे. या वेळी कॅल्शियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या पटलातली कॅल्शियमची वाट, बंद करणारे गोळ्यांमधले औषध न वापरता धातूचा आयन वापरून पाहू, असे मी ठरवले आणि बाथमध्ये लँथॅनम क्लोराइड घातले. अर्ध्या मिनिटात बाथमधले पाणी ताकासारखे पांढरे झाले, तुकडा दिसेनासा झाला आणि आकुंचन मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. विद्यार्थ्यांसमोर माझी फजिती झाली ती झालीच, पण त्यानंतर एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही. ती म्हणाली, "सर, पेशीबाहेर सोडियम कॅल्शियमच्या जवळजवळ शंभर पट आहे. तो चॅनेलमध्ये अडकत नाही, अडथळाही करत नाही. मग चिमूटभर कॅडमियम किंवा लँथॅनम तिथे जाऊन बसतो, हे कसे?"

पुस्तकात "कॅडमियम, कोबाल्ट, निकेल, लँथॅनम हे कॅल्शियम चॅनेलचे रोधक आहेत" एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो. त्या वाक्याच्या मागे काय आहे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

खारे_पाणी:

मुख्य प्रश्नाचे उत्तर इतर कोणी देतीलच, मी फक्त ताकाविषयी लिहितो. टायरोडमध्ये फॉस्फेट असते आणि बायकार्बोनेटही असते. लँथॅनमचे फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही आणि कार्बोनेटही विरघळत नाही, त्यामुळे तुम्ही घातलेल्या लँथॅनमचा बहुतेक भाग साका होऊन तळाशी गेला आणि आतड्यापर्यंत फारच थोडा पोचला. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तातील फॉस्फेट कमी ठेवण्यासाठी जेवणाबरोबर लँथॅनम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्या देतात, त्या याच रसायनावर चालतात. तुमच्या बाथमध्ये जे चुकून झाले तेच तिथे आतड्यात मुद्दाम घडवले जाते. फॉस्फेट आणि बायकार्बोनेट दोन्ही वगळून हेपेसचे बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) वापरा, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू सोडू नका, नुसती हवा किंवा ऑक्सिजन सोडा.

दुसरे असे की अॅसिटिलकोलीनमुळे होणाऱ्या आकुंचनात पेशीच्या आत साठवलेल्या कॅल्शियमचाही वाटा असतो. तुम्हाला पटलावरचे चॅनेलच तपासायचे असतील, तर बाथमधले पोटॅशियम ६० ते ८० मिलिमोलरपर्यंत वाढवून आकुंचन घडवावे. पोटॅशियममुळे पटलाचा विद्युतदाब उतरतो, चॅनेल उघडतात, आणि ते आकुंचन जवळजवळ सर्वस्वी बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असते.

नवखा_रसायनी:

शाळेत आपण धातूंची क्रियाशीलता श्रेणी शिकलो होतो. जो धातू अधिक क्रियाशील, तो कमी क्रियाशील धातूला त्याच्या जागेवरून हटवतो. इथेही तसेच काही होत असावे का?

पाचवा_ग्लुटामेट:

तसे होत नाही. क्रियाशीलता श्रेणीत प्रश्न असतो तो धातूचा अणू इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो याचा. इथे मात्र सगळे आधीच इलेक्ट्रॉन सोडून आयन झालेले आहेत आणि कोणीही कोणाला इलेक्ट्रॉन देत-घेत नाही. प्रत्यक्ष मोजून काढलेला क्रम पाहिला की ही शंका उरत नाही. सुसुमु हागिवारा आणि ताकाहाशी यांनी १९६७ साली बार्नेकल या कवचधारी सागरी प्राण्याच्या स्नायुतंतूवर हा क्रम लावला. होड्यांच्या तळाला आणि खडकांना चिकटून बसणाऱ्या खडबडीत जिवांचाच हा एक मोठा भाऊबंद आहे. त्याचा एकेक स्नायुतंतू एक-दोन मिलिमीटर जाड असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि त्यात आतून तार घालता येते. या तंतूतील विद्युत्‌स्पंद सोडियमवर नव्हे, तर कॅल्शियमवर चालतो. त्यामुळे कोणता आयन तो स्पंद किती दाबतो हे थेट मोजता आले. लँथॅनम आणि युरेनिल (युरेनियमचा आयन) सर्वांत पुढे, त्यांच्यामागे जस्त, कोबाल्ट आणि लोह, मग मँगेनीज, मग निकेल, त्यानंतर खुद्द कॅल्शियम, आणि सर्वांत शेवटी मॅग्नेशियम व स्ट्रॉन्शियम, असा तो क्रम होता. शाळेतल्या श्रेणीत मॅग्नेशियम जस्ताच्या आणि लोहाच्या वर असतो; इथे तो तळाला आहे.

या यादीत कॅल्शियमचे नाव मध्येच आले आहे, तिकडे लक्ष द्यावे. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच सुरू होते.

आपण सहज अशी कल्पना करतो की चॅनेल म्हणजे एक चाळणी आहे आणि कॅल्शियमच्या मापाचा आयन तेवढा त्यातून पडतो. पण सोडियमच्या आयनाची त्रिज्या १.०२ आँगस्ट्रॉम आहे, कॅल्शियमची १.०० आहे आणि कॅडमियमची ०.९५. या तिघांना चाळणीने वेगळे करणे अशक्य आहे. शिवाय मॅक्लेस्की आणि आल्मर्स यांनी १९८५ साली बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिले की या चॅनेलचे भोक सुमारे सहा आँगस्ट्रॉम रुंद आहे. म्हणजे यातला कोणताही आयन तिथून आरामात जाईल. निवड मापाने होत नाही, बसण्याने होते. भोकाच्या सर्वांत अरुंद भागात चार ग्लुटामेट (प्रथिनातली ऋणप्रभारित अमिनो आम्ले) समोरासमोर येतात, चॅनेलच्या प्रथिनाच्या चार भागांतून एकेक. त्यांचे ऋणप्रभारित ऑक्सिजन आतल्या बाजूला वळलेले असतात, आणि दोन धनप्रभार असलेला आयन त्या कोंडाळ्यात चांगला बसतो. १९९३ साली त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत हे चार ग्लुटामेट एकेक करून बदलले गेले, तेव्हा कॅल्शियमला धरून ठेवण्याची चॅनेलची ताकद घटली.

आता सोडियमचे पाहू. आल्मर्स, मॅक्लेस्की आणि पलाद यांनी १९८४ साली बेडकाच्या स्नायुतंतूभोवतीचे कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकले. तेव्हा याच चॅनेलमधून सोडियम धो धो वाहू लागला. मग त्यांनी कॅल्शियम थोडे थोडे परत घातले, आणि ते एक मायक्रोमोलरच्या आसपास पोचताच सोडियमचा प्रवाह निम्म्यावर आला. म्हणजे सोडियमला या चॅनेलमधून जाण्याची पुरेपूर मुभा आहे, फक्त कॅल्शियम तिथे बसून असल्यामुळे त्याला जाता येत नाही. या चॅनेलचा पहिला आणि नेहमीचा रोधक कॅल्शियम स्वतःच आहे. विद्यार्थिनीला म्हणावे, सोडियम अडथळा करत नाही, कारण त्याच्या एकाच प्रभारामुळे त्याला त्या जागी टिकून बसताच येत नाही. संख्येने तो शंभर पट असला तरी बसणाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही.

उलटा_ड्रम:

हे वाचून एक नवीन अडचण उभी राहिली. कॅल्शियम इतका घट्ट बसत असेल, तर तो पुढे आत कसा जातो? बसून राहणारा आणि सेकंदाला लाखोंनी वाहणारा हे दोन्ही एकच आयन कसे असतील?

पाचवा_ग्लुटामेट:

हाच प्रश्न त्या वेळी सर्वांना पडला होता. हिशेब असा आहे. एक मायक्रोमोलरला निम्मी जागा भरत असेल आणि आयन पाण्यातून जितक्या वेगाने येऊ शकतात तितक्या वेगाने येत असतील, तर बसलेला आयन सेकंदाला सुमारे हजार वेळाच सुटू शकेल. प्रत्यक्षात उघड्या चॅनेलमधून सेकंदाला दहा लाखांच्या घरात कॅल्शियम आयन जातात. ही हजार पटींची तफावत भरून काढण्यासाठी हेस आणि त्सिएन, तसेच आल्मर्स आणि मॅक्लेस्की, यांनी १९८४ साली स्वतंत्रपणे एकच तोडगा सुचवला. भोकात एकावेळी दोन आयन असू शकतात आणि ते एकामागून एक, एकेरी रांगेतच जाऊ शकतात. एकटा कॅल्शियम असेल तर तो बसून राहतो. मागून दुसरा आला की दोघांचे धनप्रभार एकमेकांना ढकलतात आणि पुढचा आत फेकला जातो. बाहेर कॅल्शियम मायक्रोमोलरमध्ये असेल तर दुसरा क्वचितच येतो, म्हणून नुसता अडथळा होतो. आपल्या शरीरात तो मिलिमोलरमध्ये असतो, म्हणून रांग चालू राहते.

वारीचा_वाटसरू:

मी शरीरक्रियाविज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण पंढरपूरच्या दर्शनबारीत अनेकदा उभा राहिलो आहे. तुम्ही सांगता ते मला तसेच दिसते. विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवलेला माणूस आपणहून उठत नाही; मागचा वाकू लागतो तेव्हाच तो पुढे सरकतो. बारी थांबते ती पायाशी बसून कोणी मागच्याच्या रेट्यालाही दाद देत नाही तेव्हा. कॅडमियम हा असा भाविक म्हणायचा का?

पाचवा_ग्लुटामेट:

उपमा चांगली आहे आणि बरीच दूरवर चालते. पुढे कुठे लंगडते तेही सांगतो. दर्शनबारीत अडून बसलेला माणूस अखेर पुढच्याच दाराने जातो. कॅडमियमही बहुधा तसाच आत जातो, पण काही आयन आले त्याच बाजूने परतही फिरतात, आणि दर्शनबारीत तशी सोय नाही.

लान्समन, हेस आणि त्सिएन यांनी १९८६ साली गिनीपिगच्या हृदयाच्या जवनिकेतील पेशींवर काचेची बारीक नळी टेकवून एकेका चॅनेलचा प्रवाह नोंदवला. नळीत बेरियम भरलेले होते, कारण बेरियम या चॅनेलमधून सहज जातो आणि प्रवाह मोठा मिळतो, आणि चॅनेल जास्त वेळ उघडे राहावे म्हणून त्यांनी एक औषधही घातले होते. अशा नोंदीत चॅनेल उघडले की रेषा एकदम खाली उतरते आणि काही काळ सपाट राहते. नळीत काही मायक्रोमोलर कॅडमियम मिसळले की तीच सपाट रेषा तुटते आणि तिच्यात फणीच्या दातांसारख्या फटी पडतात. प्रत्येक फट म्हणजे कॅडमियमचा एक आयन येऊन बसला आणि मिलिसेकंदाच्या हिशेबात निघून गेला. प्रवाह अर्धवट कमी होत नाही, पूर्ण थांबतो आणि पूर्ण सुरू होतो. आपल्याला सगळ्या स्नायूत दिसणारी "पन्नास टक्के घट" ही लाखो चॅनेलांमधल्या अशा फटींची बेरीज असते. मला व्यक्तिशः या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा हाच वाटतो, कारण एकट्या आयनाचे येणे-जाणे इथे कागदावर दिसते.

यातली खुबी अशी की पेशीचा आतला भाग अधिक ऋण केला, तर कॅडमियमच्या फटी आखूड होतात. म्हणजे विद्युतदाब त्याला आत खेचून घेतो आणि तो वाट मोकळी करून पेशीत शिरतो. यावरून कळते की "अडवणारा" आणि "जाणारा" अशा दोन वेगळ्या जाती नाहीत. कॅल्शियम क्षणभर बसतो, कॅडमियम त्याहून बराच अधिक काळ बसतो, लँथॅनम तीन प्रभारांमुळे आणखी जास्त काळ. मँगेनीज तर दोन्ही करतो: कॅल्शियमला अडवतो आणि स्वतः हळूहळू आतही जातो. मँगेनीजच्या या गुणाचा उपयोग प्राण्यांवरच्या एमआरआय संशोधनात होतो. जिथे कॅल्शियम चॅनेल जास्त उघडतात तिथे मँगेनीज जास्त साठतो आणि चित्रात तो भाग उजळ दिसतो.

आता येण्याचा वेग. पाण्यातला प्रत्येक धातू-आयन अंगावर पाण्याचे कवच घेऊन फिरतो आणि ग्लुटामेटच्या ऑक्सिजनजवळ बसायचे तर त्याला त्या कवचातले काही रेणू सोडावे लागतात. कॅल्शियम आणि कॅडमियम आपल्या जवळचा पाण्याचा रेणू सेकंदाला दहा कोटी किंवा त्याहून अधिक वेळा बदलतात. मॅग्नेशियम सुमारे लाखभर वेळा, आणि निकेल फक्त दहा हजारांच्या आसपास. म्हणून मॅग्नेशियम आणि निकेल दारापाशीच रेंगाळतात. लान्समन यांनी १९९० साली उंदराच्या स्नायुपेशींवर लँथॅनमच्या कुळातले, लँथॅनमपासून यटर्बियमपर्यंतचे सहा आयन तपासले. आयन जितका लहान तितका तो आत शिरायला अधिक वेळ घेतो, कारण लहान आयनाला पाणी घट्ट चिकटलेले असते. आणि एकदा शिरला की लहान आयन अधिक काळ बसतो, पण गॅडोलिनियमच्या मापानंतर ती वाढ थांबते. एखादा आयन किती चांगला रोधक आहे हे या दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे एकाच आकड्यात त्याची ताकद सांगणारे तक्ते मला अपुरे वाटतात.

आकडा_तपासनीस:

एक सावधगिरी नोंदवतो. बाथमध्ये धातू घातल्यावर प्रवाह कमी झाला म्हणजे भोक अडले, असा थेट निष्कर्ष काढू नये. दोन-तीन प्रभारांचे आयन पटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरील ऋणप्रभार झाकून टाकतात, त्यामुळे चॅनेल उघडण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त विद्युतदाब बदलावा लागतो. फ्रँकेनहाउझर आणि हॉजकिन यांनी १९५७ साली कॅल्शियमचा असाच परिणाम मज्जातंतूवर दाखवला होता. एकाच विद्युतदाबावर मोजणाऱ्याला हे सरकणे अडथळ्यासारखेच दिसते, म्हणून संपूर्ण वक्र काढून पाहावा लागतो. तसेच प्रवाह बेरियमने मोजला की कॅल्शियमने, यावर रोधकाचा आकडा बदलतो. बेरियम त्या जागी सैल बसतो, म्हणून त्याला हटवायला कॅडमियम कमी लागतो. आणि निकेलविषयी बोलताना चॅनेलचा प्रकार सांगितलाच पाहिजे. कॅल्शियम चॅनेलच्या टी या प्रकारातील फक्त एका उपप्रकाराला दहा-बारा मायक्रोमोलर निकेल पुरतो, त्याच्या दोन भावंडांना त्याच्या सुमारे वीस पट लागतो, आणि त्यामागे भोकाबाहेरच्या एका हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा हात आहे.

प्रसूतिकक्ष:

इथे मॅग्नेशियमला कमकुवत रोधक म्हटले आहे, ते प्रयोगशाळेपुरते खरे आहे. गरोदरपणात झटके आलेल्या स्त्रीला आम्ही मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) देतो. प्रिचर्डच्या पद्धतीत शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणे) येतो का, श्वास मिनिटाला किती आहेत आणि लघवी पुरेशी होते का, हे तीनही पाहिल्याशिवाय सिस्टरने सुई हातात घ्यायची नाही, असा नियम आहे. मॅग्नेशियम प्रमाणाबाहेर गेले की आधी गुडघ्याचा झटका जातो. पण तिथे अडलेले चॅनेल स्नायूतले नसते; मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या चॅनेलमधून कॅल्शियम आत येणे कमी होते, म्हणून अॅसिटिलकोलीन कमी सुटते. त्यावर उतारा म्हणजे १० टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर, सावकाश शिरेतून. वर सांगितलेली रांगेतली चढाओढ आम्ही अशी खाटेवर पाहतो.

एमआरआयचे चित्र स्पष्ट यावे म्हणून टोचल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमची भीती बाळगणाऱ्यांसाठी: ते मोठ्या रेणूच्या पकडीत बंदिस्त करून दिलेले असते, मोकळा आयन म्हणून दिलेले नसते.

खारे_पाणी:

मुख्य धाग्यात राहून गेलेला एक मुद्दा म्हणजे कोणता स्नायू. आतड्याचा अनैच्छिक स्नायू आणि हृदयाचा स्नायू बाहेरच्या कॅल्शियमशिवाय थांबतात. मांडीचा ऐच्छिक स्नायू थांबत नाही. आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविच यांनी १९७२ साली बेडकाचा एकेक तंतू कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवला, तरी तो विजेच्या ठोक्याला बराच वेळ आकुंचन पावत राहिला. तिथले चॅनेल दाराचे काम फारसे करत नाही. ते विद्युतदाब ओळखून आतल्या साठ्याच्या दाराला प्रत्यक्ष धक्का देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे उंदीर तयार केले गेले की ज्यांच्या ऐच्छिक स्नायूतील या चॅनेलमधून कॅल्शियम जाऊच शकत नाही, आणि त्यांच्या चालण्या-पळण्यात किंवा स्नायूंच्या ताकदीत फरक आढळला नाही. म्हणून कोणी विद्यार्थी कॅडमियमने मांडीचा स्नायू लुळा पडेल असे लिहीत असेल तर त्याचे गुण कापावेत.

उलटा_ड्रम:

सर्वांचे आभार. शनिवारी हेपेसच्या बफरमध्ये प्रयोग पुन्हा केला. पोटॅशियम दिल्यावर आलेले आकुंचन लँथॅनमनंतर पायथ्याच्या रेषेपासून जेमतेम उचलले गेले आणि बाथ शेवटपर्यंत काचेसारखा स्वच्छ राहिला. नवीन तुकड्यावर शंभर मायक्रोमोलर कॅडमियमनेही तेच झाले. फरक पुढे दिसला: कॅडमियम दोन-तीनदा द्रावण बदलल्यावर बहुतांशी निघून गेला, लँथॅनमचा तुकडा मात्र पाच वेळा धुऊनही अर्ध्यावरच राहिला. आता कॅडमियमचे ते वापरलेले द्रावण बाटलीत भरून ठेवले आहे. सिंकमध्ये ओतू दिलेले नाही.

खारे_पाणी:

लँथॅनमच्या तुकड्याला थोडा वेळ ईडीटीए घातलेल्या, कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवा आणि मग नेहमीच्या द्रावणात परत आणा. ईडीटीए लँथॅनमला पटलापेक्षा अधिक घट्ट धरतो. बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ती घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या, आणि बाटली भरेपर्यंत त्यात दुसरे काही मिसळू नका.